डाव्या चाकाची शिट्टी

...आणि मग मिस्त्रीनं ब्रेकची ती डिस्क धाकट्याच्या नाकासमोर धरली. चाक खोललं होतं, काल आपली गोष्ट तिथवर आली होती. जीप लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली, पुढचं डावं चाक भिंतीला टेकवलेलं, आणि धाकटा गॅरेजच्या दारात असा उभा, जसा नातलगाच्या ऑपरेशनला आलेला माणूस उभा राहतो. आत जाववत नाही आणि बाहेर निघवत नाही.

“ही डिस्क आहे का डब्याचं झाकण?” मिस्त्री म्हणाला. “बोट फिरव कडेवरून. जपून, कापेल.”

धाकट्यानं बोट फिरवलं. ब्रेक जिथं घासतो तो भाग झिजून खोल गेला होता आणि बाहेरच्या बाजूला पोलादाचा काठ ताटाच्या काठासारखा उभा राहिला होता. मिस्त्रीनं मापाचा चिमटा लावला, आकडा वाचला, आणि डिस्कच्या पोटावर कोरलेला कमीत कमी जाडीचा आकडा अंगठ्यानं पुसून दाखवला. जाडी त्या आकड्याच्या खाली कधी गेली, ते त्या डिस्कलाच ठाऊक.

“याच्यावर माणसं घालून तू खिंड उतरतोस?”

“उतरतो.”

“आणि ती माणसं तुला वर भाडंही देतात! धन्य आहे.”

आता हा धाकटा म्हणजे कोण पोरगेलासा गडी असेल असं वाटायचं. तसं काही नाही. डोक्याचं पार चांदणं झालेलं, गुडघे कुरकुरणारे, वाचायला चष्मा. पण दोघं भाऊ एकच जीप चालवायचे, म्हणून रस्त्यावरच्या लोकांनी एकाला थोरला म्हटलं, दुसऱ्याला धाकटा. थोरला गेला तरी धाकटा काही थोरला झाला नाही. ती जागा रिकामी ठेवूनच लोक त्याला हाक मारत राहिले.

मिस्त्रीनं फळीवरून खोकी उतरवली आणि टेबलावर डिस्का मांडल्या. माल दाखवताना हा माणूस भांड्यांच्या दुकानातल्या विक्रेत्यासारखा फुलायचा.

“ही भोकांची. दिसायला देखणी, तरण्या पोरांना फार आवडते. पण तुझ्या रस्त्याचा चिखल भोकांत जाऊन बसणार, तापली की भोकापासून तडा जाणार. ही खाचांची. पाणी, चिखल बाहेर फेकते, पण तिला घासणारे ब्रेकचे पॅड उंदरासारखे कुरतडते. आणि ही साधी. जाड आहे, दोन पत्र्यांच्या मध्ये हवा खेळायला जागा आहे. दिसायला म्हैस, कामाला बैल. आता पॅड. हे सिरॅमिकचे, साहेबी गाड्यांचे, हूं की चूं करत नाहीत. हे धातूच्या भुग्याचे. गार असताना जरा कुरकुरतात, पण तापले तरी धरून ठेवतात. डिस्का दोन्ही बाजूंच्या बदलायच्या, एकच बदलली तर गाडी एका अंगाला ओढते. बोल.”

धाकट्यानं सगळ्यांवरून नजर फिरवली आणि विचारलं, “यातलं वाजणारं कुठलं?”

मिस्त्रीला वाटलं आपल्या ऐकण्यात चूक झाली. “न वाजणारं म्हणायचंय तुला.”

“वाजणारं.”

“अरे बाबा, माझं उभं आयुष्य लोकांच्या गाड्यांचे आवाज घालवण्यात गेलं. आवाज पाहिजे म्हणणारा तू पहिलाच. घंटा बांधून देऊ का पुढं?”

धाकटा हसला नाही. जुनी डिस्क उराशी धरून म्हणाला, “शिट्टी पाहिजे. आखूड. दोनदा.”

हे ऐकल्यावर मिस्त्रीचा हात खोक्यावरच राहिला. त्या रस्त्यावर ज्यानं ज्यानं गाडी चालवली होती, त्याला दोन आखूड शिट्ट्यांचा अर्थ कुणी सांगायला नको होता.

खिंडीत धुकं उतरलं की बॉनेटच्या पुढचं काही दिसत नाही. दिवे लावावेत तर धुकंच पांढरं होऊन अंगावर येतं. अशा वेळी दोघं भाऊ आपली जुनी रीत वापरायचे. थोरला खाली उतरायचा आणि दरीच्या कडेकडेनं पायी चालायचा. धाकटा चारही चाकांना जोर देऊन, लो गिअरमध्ये, गोगलगायीसारखी जीप मागून आणायचा. डोळ्यांचं काम नाहीच, सगळं कानांवर. एक लांब शिट्टी म्हणजे ये. दोन आखूड म्हणजे थांब. आणि नियम असा की दोन आखूड आल्याशिवाय थांबायचं नाही. ओल्या उतारावर मधेच कचकन थांबलं तर जीप घसरायची. थोरल्याच्या पुढच्या दातांत फट होती, तिच्यातून तो अशी शिट्टी काढायचा की वरच्या वस्तीतली कुत्री उठून बसायची. लोक म्हणायचे, “याच्या दातांना कर लावा, सरकारी भोंगा नुसता!”

एके दिवशी तिसऱ्या वळणावर एक लांब शिट्टी आली. धाकटा निघाला. मग काहीच आलं नाही. ना लांब, ना आखूड. नियमाप्रमाणं तो पुढं जात राहिला. थोडासाच, फार तर गाडीच्या लांबीइतका. मग न राहवून त्यानं ब्रेक दाबला. उतरून पाहिलं तर डाव्या चाकाच्या पुढं रस्ताच नव्हता. कड ढासळून खाली गेली होती, आणि कडेवरून चालणारा माणूसही.

लोकांनी धाकट्याला बोल लावला नाही. मातीनं दगा दिला, त्याला कोण काय करणार? पण रात्रंदिवस त्याच्या डोक्यात एकच भुंगा फिरत राहिला. लो गिअरमध्ये इंजिन केवढं ओरडतं! थोरल्यानं दोन आखूड दिल्या होत्या का? दिल्या असतील आणि आपल्याला ऐकू आल्या नसतील, तर? हे विचारायचं कुणाला? ज्याला ठाऊक होतं, तोच नव्हता.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, तशाच धुक्यात, त्याच वळणावर, डाव्या चाकातून आवाज आला. शीक. शीक. दोन आखूड. धाकट्याच्या मानेवरचा केस न केस उभा राहिला. त्या दिवसापासून जीप तिथं आली आणि हलका ब्रेक लागला की शिट्टी यायची. मागं बसणारी माणसं त्या वळणाआधी बोलायची थांबायची. दूध घेऊन खाली येणारी एक आजी तर कॅनच्या कड्या हातानं धरून ठेवायची, वाजू नयेत म्हणून.

“यात भूत नाही न् बित नाही,” मिस्त्री आता समजावून सांगत होता. त्यानं डिस्क उजेडाकडं तिरकी धरली. “हे बघ, दोन जागी उंचवटा आहे. एक इथं, एक बरोबर समोर. तू पाय नुसता टेकवलास, की पॅड या दोन ठिकाणीच घासणार. चाकाचा एक फेरा, दोन शिट्ट्या. जोरात दाबलास तर वाजणारच नाही. बाकी सगळीकडं तू जोरात दाबतोस, तिथं मुंगीच्या पावलानं जातोस, म्हणून तिथंच वाजते. झालं!”

सगळं खरं होतं. काट्यानं मोजल्यासारखं खरं होतं. धाकट्यानं मान हलवली. पण एक गोष्ट त्यानं मिस्त्रीला सांगितली नाही. मागच्या थंडीत, गाडीत तो एकटाच असताना, शिट्टी त्याचा पाय ब्रेकवर जायच्या आधी आली होती. तो उतरून पाहून आला होता. रस्ता धड होता, दगड नव्हता, जनावर नव्हतं. धुक्यात नुसती कड होती. त्यानं ही गोष्ट कुणालाच सांगितली नव्हती, कारण ऐकणारा एकतर हसला असता नाहीतर हसला नसता, आणि दुसरं त्याला जास्त भीतीचं वाटत होतं.

“पॅड कोण बदलत होतं?” मिस्त्रीनं विचारलं.

“मीच. घरी.”

“आणि डिस्कला हात लावला नाहीस. वर दगडासारखे कडक पॅड घातलेस. म्हणजे सुरीला धार लावत बसलास.” मिस्त्रीनं पाना खाली ठेवला. “हे बघ, थोरला माझाही मित्र होता. पण मी हे चाक परत चढवणार नाही. जीप इथंच राहील. परवा टँकरच्या मागं काय झालं ते मला कळलंय.”

परवा असं झालं होतं की खिंड उतरून आल्यावर, तापलेल्या ब्रेकांनिशी, समोर पाण्याचा टँकर उभा दिसला. धाकट्यानं पेडल दाबलं तर पेडल थरथरलं आणि लोण्यात पाय गेल्यासारखं खाली गेलं. हँडब्रेक, गिअर, सगळं ओढून जीप कशीबशी टँकरला टेकली. कुणाला काही झालं नाही. फक्त पुढच्या सीटवर बसलेल्या वहिनीचं कपाळ काचेवर आदळलं आणि लिंबाएवढं टेंगूळ आलं.

वहिनी म्हणजे थोरल्याची बायको. वरच्या वस्तीतल्या दवाखान्यात नर्स. आठवडाभर वर राहायची, सुट्टीला धाकट्याच्या जीपमधून खाली यायची आणि परत जायची. बसायची थोरल्याच्याच सीटवर. तिसरं वळण आलं की शाल कानावर ओढून घ्यायची आणि डोळे मिटायची. धाकट्याला वाटायचं, वहिनी ऐकतेय. मन लावून ऐकतेय. तेवढाच नवऱ्याचा आवाज उरलाय तिच्या वाट्याला. म्हणून तो काय करायचा? वळण आलं की आणखी हळू व्हायचा, पाय ब्रेकवर पिसासारखा ठेवायचा, म्हणजे शिट्टी दोन-चार फेरे जास्त चालावी. तिच्यासाठी. स्वतःच्या हातानं, आपलं, स्वतःच्या पायानं तो ती डिस्क झिजवत होता.

मिस्त्रीपुढं त्याचं काही चालेना, तेव्हा तो म्हणाला, “वहिनीला विचारून येतो.”

“विचार. त्या टेंगळालाही विचार.”

घरी वहिनी खिडकीपाशी बसून गणवेशाचं बटण लावत होती. टेंगूळ आता निळं पडलं होतं. धाकटा दारातच उभा राहिला. हातात कापडात गुंडाळलेली डिस्क होती. ती त्यानं का आणली होती ते त्यालाही सांगता आलं नसतं.

“काय ते, भावोजी? भांडं विकत आणलंत?”

“जुनी डिस्क आहे. डाव्या चाकाची.” त्यानं ती टेबलावर ठेवली. “मिस्त्री म्हणतो बदलायलाच पाहिजे.”

“मग बदला. त्यात मला काय विचारायचं? मी काय मिस्त्रीण आहे?”

“नवीन वाजणार नाही, वहिनी.”

वहिनीची सुई थांबली. धाकटा घाईघाईनं बोलत सुटला, “म्हणजे मी विचारलं त्याला. काही पॅड असतात, थोडे कुरकुरतात. पण तसं नाही वाजणार. तशी शिट्टी नाही येणार. तुम्ही इतकी वर्षं ऐकताय, एकदम बंद केली तर तुम्हाला...”

“मी ऐकते?”

“डोळे मिटून ऐकता ना. मी म्हणून तर गाडी हळू घेतो तिथं.”

वहिनीनं दात लावून दोरा तोडला. मग बोलली तेव्हा तिचा आवाज पेशंटला इंजेक्शन देण्याआधी असतो तसा सपाट होता.

“भावोजी, दोन आखूड म्हणजे काय?”

“थांब.”

“मग तुम्ही थांबता का?”

धाकट्यानं डिस्कवरचं कापड उगाच नीट केलं.

“दर आठवड्याला जाताना आणि येताना ते मला सांगतात, थांब. थांब. आणि तुम्ही गाडी थांबवत तर नाहीच, उलट हळू करून मला आणखी ऐकवता. मी कान झाकते हो! शाल काय थंडीची ओढते? मला वाटायचं, भावाचा आवाज आहे, तुमचा जीव त्यात अडकलाय. तुमच्यासाठी सोसायचं. आणि तुम्ही म्हणे माझ्यासाठी!” ती हसली, पण ते हसू ऐकून धाकटा खुर्चीवर बसला. “माणूस गेला की सुटतो म्हणतात. हे कसले सुटलेत? धुक्यात कडेला उभे आहेत. अजून ड्युटीवरच आहेत. पाऊस नाही, थंडी नाही, आपली गाडी आली की द्यायची शिट्टी. आपणच त्यांना घरी जाऊ देत नाही आहोत.”

“वहिनी, मी...”

“मला सगळं माहीत आहे तुम्हाला काय विचारायचंय. त्या दिवशी शिट्टी दिली होती का नव्हती. मीही तेच विचारते. पण हे लोखंड त्याचं उत्तर देणार नाही.” तिनं डिस्क कापडासकट त्याच्याकडं सरकवली. “उठा. मीही येते. नाहीतर तिथं जाऊन परत वाजणारंच घेऊन याल.”

गॅरेजमध्ये वहिनी आल्यावर मिस्त्रीनं आधी स्टूल पुसलं, मग बोलणं पुसलं. इतका सभ्य झाला की ओळखू येईना. वहिनीनं सरळ विचारलं, “यातलं गप्प राहणारं कुठलं?”

मिस्त्रीनं कपाळाला हात लावला. “एक येतो वाजणारं मागत, एक येतं गप्प राहणारं मागत! अहो, ब्रेक घ्यायला आलाय का गाणं शिकायला? कुणी थांबणारं मागेल का?”

“मग सिरॅमिक गप्प असतात ना?” धाकटा म्हणाला.

“असतात. तुमच्या वहिनी एकट्या बसून सपाट रस्त्यानं जाणार असतील तर आत्ता बसवतो. पण मागं सहा माणसं, दुधाचे कॅन, आणि खिंडीचा अखंड उतार! तिथं या खोक्यातले हे पॅड तापले की हात वर करतील. धातूचे धरतील. पण ते कधीमधी कुरकुरतील, ते मी आधीच सांगतो. नंतर माझ्या नावानं बोटं मोडू नका.”

दोघांनीही वहिनीकडं पाहिलं. तिनं टेंगळावर बोट ठेवलं आणि काढलं. धाकट्याला वाटलं होतं, ती म्हणेल की काही झालं तरी आवाज नको. आणि तिनं तसं म्हटलं असतं तर त्यानं आवाज न करणारेच घेतले असते, कारण वहिनीचा शब्द त्यानं कधी खाली पडू दिला नव्हता. पण ती म्हणाली, “गाडी तुम्ही चालवता, भावोजी. तुम्ही सांगा.”

धाकट्यानं एक-एक पॅड हातात घेऊन पाहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं कानानं नाही, पायानं विचार केला. परवाचं ते पेडल, खाली खाली जाणारं. पायाखाली काहीच नसणं कसं असतं ते त्याला कळलं होतं. आणि मग त्याच्या मनात आलं की हे आपल्याआधी आणखी एका माणसाला कळलं होतं.

“धातूचे दे,” तो म्हणाला. “आणि साधी जाड डिस्क. दोन्ही बाजूंना.”

“आत्ता बोललास!” मिस्त्री म्हणाला. “पॅडच्या पाठीला पातळ पत्रा लावतो, ग्रीस देतो. उगाच बोलणार नाहीत.”

नवीन डिस्का बसल्या. बसल्या म्हणजे लगेच घाट उतरायचा नसतो. आधी सपाट रस्त्यावर गाडी पळवायची, हळू करायची, पुन्हा पळवायची, पुरती न थांबवता. म्हणजे पॅड आणि डिस्क एकमेकांना ओळखतात. मिस्त्री शेजारी बसून ओरडत होता, “दाब! सोड! थांबू नकोस रे, थांबू नकोस!” आणि धाकट्याच्या अंगावर दर वेळी काटा येत होता. जळक्या रबरासारखा वास सुटला. मग गाडी गार होऊ दिली. पेडल आता दगडासारखं घट्ट लागत होतं.

वहिनी त्या खेपेला दुसऱ्या जीपनं वर गेली. पुढच्या सुट्टीला ती वरून उतरायला निघाली, ती नव्या ब्रेकची खिंडीतली पहिलीच खेप, तेव्हा धुकं होतंच. मागं नेहमीची माणसं, कॅन घेऊन दूधवाली आजी. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्याच्या आधी सगळे आपोआप गप्प झाले. आजीनं कड्या धरल्या. वहिनीनं शाल खांद्यावरच राहू दिली.

धाकट्यानं पाय ठेवला. पिसासारखा नाही. नीट, भार देऊन दाबला आणि जीप वळणावर उभी केली. इतक्या वर्षांत तो इथं माणसं घेऊन कधीच थांबला नव्हता. चाकातून आवाज आला नाही. एक नाही, दोन नाही. इंजिन हळू धडधडत होतं. त्यानं तेही बंद केलं.

मग अशी शांतता पडली की तिच्यापेक्षा शिट्टी बरी वाटावी. सगळ्यांचे कान बाहेर. धाकट्याचे तर इतके ताणलेले की स्वतःचं रक्त त्याला ऐकू येत होतं. डाव्या दिव्यासमोर, कडेपाशी, धुक्याचा एक पुंजका दाट झाला. माणसाएवढा उंच, जरा एका अंगाला कललेला, दरीकडं पाठ करून उभा असल्यासारखा. धुकं कधी कधी तसं करतं. वहिनीनं डॅशबोर्डवर हात ठेवला. पुंजका थोडा वेळ राहिला, मग पातळ झाला, आणि त्याच्या मागची कड दिसू लागली, पुन्हा बांधलेली, दगडी, रिकामी.

धाकट्यानं किल्ली फिरवली. जीप पुन्हा धडधडली.

मागून दूधवाली आजी खाकरली. तिला राहवेना. पुढं वाकून हळूच म्हणाली, “का रे धाकट्या, आज तो बोलला नाही?”

धाकट्यानं गिअर टाकला, ब्रेकवरचा पाय सावकाश उचलला आणि मागं न बघता म्हणाला, “नाही, आजी. आता थांबायचं कुठं ते मी बघतो. त्याला म्हटलं, दादा, तू हो पुढं. आम्ही येतो सावकाश.”